मोळी पडण्याआधी काय तयार हवं? अजाइलबद्दल कुंडलमध्ये केलेलं बोलणं

(दिवाळीच्या सुट्टीत कुंडलमध्ये, नोकरी करणाऱ्या आणि नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसमोर केलेलं हे बोलणं. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी लिहून काढलंय. "म्हणजे बघा" बरेच गाळलेत, सगळे गाळता आले नाहीत.)

मागे आवाज येतोय ना? पंखा जरा कमी करा, रेकॉर्डिंगमध्ये तोच जास्त ऐकू येतो.

तुमच्यातले निम्मे तरी रोज सकाळी कॅमेरा बंद ठेवून एक वाक्य म्हणतात. "काल अमुक तिकिटावर काम केलं, आज त्याच तिकिटावर करणार, अडचण काही नाही." म्हणून झालं की माईक बंद. पलूसला बसलेला असो नाहीतर हिंजवडीला, वाक्य तेच. शिवाय दोन आठवड्यांचा स्प्रिंट, पॉइंट, रेट्रो, आणि ते जिरा. मी घरी "जिरा उघडतो" म्हटलं की आई म्हणते, डब्यात आहे बघ, मोहरीशेजारी. या सगळ्याला मिळून अजाइल म्हणायची पद्धत पडली आहे. मला विचाराल तर अजाइल मोजायचं असेल तर एकच गोष्ट मोजा. तुम्ही केलेलं काम वापरणाऱ्या माणसाच्या हातात किती दिवसांनी पडतं, आणि तो त्याबद्दल जे बोलतो ते तुमच्या कानावर किती दिवसांनी येतं. बाकीचं त्यासाठी आहे. त्यासाठी नसेल तर कशासाठीच नाही.

मूळ गोष्ट तशी लहान आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत, यूटा राज्यातल्या स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी सतरा जण जमले. केंट बेक, मार्टिन फाउलर, केन श्वेबर, जेफ सदरलँड वगैरे. त्यांनी चार ओळींचा जाहीरनामा काढला. माझ्या भाषेत सांगायचं तर असं: साधनं आणि नियम असू द्या, पण माणसं एकमेकांशी काय बोलतात ते जास्त मोलाचं. कागद असू द्या, पण चालणारं सॉफ्टवेअर दाखवा. करार असू द्या, पण ग्राहकाला सोबत घ्या. आराखडा असू द्या, पण परिस्थिती बदलली तर तुम्हीही बदला. "असू द्या" हा शब्द मी मुद्दाम चार वेळा वापरला, कारण "आम्ही अजाइल आहोत, आम्ही काही लिहून ठेवत नाही" असं सांगणारी टीम तुम्हाला भेटणारच आहे. आणि या चार ओळींत स्टँडअप नाही, पॉइंट नाहीत, जिराही नाही. स्क्रम त्याच्या आधीचा, १९९५ मध्ये जाहीरपणे मांडलेला, तो वेगळा धडा.

हे लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. कुंडल म्हटलं की लोक प्रतिसरकार आणि तुफान सेना सांगतात, सांगायलाच पाहिजे. मी आज नांगर सांगणार आहे. आपलं किर्लोस्करवाडी स्टेशन पूर्वी कुंडल रोड होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून बाहेर पडावं लागलं, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना या स्टेशनजवळचं माळरान दिलं आणि १९१० मध्ये तिथं वाडी वसली. निवडुंग आणि सापांची जागा होती ती. लोखंडी नांगर मात्र त्याआधीच, बेळगावात तयार झाला होता. नांगर चांगला होता, पण शेतकरी घेईनात. लोखंडानं जमीन विषारी होते असा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. आपल्या बोर्डावर तो नांगर पहिल्याच दिवशी "डन"च्या रकान्यात गेला असता, आणि टीमनं केकही कापला असता. दोन वर्षं तो कुणाच्या रानात नव्हता, ही गोष्ट बोर्डावर कुठं दिसली असती?

(आता कुणी स्लाइडवर "लक्ष्मणराव, भारताचे पहिले अजाइल कोच" असं लिहील. कृपा करून लिहू नका. ते कारखानदार होते, आणि लोखंड ओतून झाल्यावर रात्रीत नवीन व्हर्जन पाठवता येत नाही.)

बरं, आता आपल्या धंद्यातली गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही एका साखर कारखान्यासाठी ऊसतोडीचं सॉफ्टवेअर करत होतो. कारखाना दुसऱ्या जिल्ह्यातला, नाव सांगत नाही. आपल्या गावातला नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर बाहेर पडल्यावर चर्चा तीच.

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शेतकरी लागणीनंतर कारखान्याकडं नोंद करतो. नोंदीच्या तारखेप्रमाणे तोड येते. तोडणीची टोळी रानात येते, ट्रॉली भरते, स्लिपबॉय फडातच स्लिप लिहितो: कुणाचा ऊस, कुठला गट, कुठली गाडी, कुठली टोळी. गाडी कारखान्यावर जाते, काट्यावर भरलेलं वजन होतं, ऊस खाली होतो, रिकाम्या गाडीचं वजन होतं, वजाबाकी होऊन पावती निघते. त्या पावतीवर शेतकऱ्याचं बिल. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्याच पावतीवर वाहतूकदाराचे पैसे, आणि त्याच पावतीवर टोळीची मजुरी. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. घरदार सोडून पाच-सहा महिने पालात राहिलेली ही जोडी, टनावर मजुरी. स्लिपवर टोळीचा नंबर चुकला तर त्यांनी तोडलेला ऊस दुसऱ्याच्या हिशोबात जातो. म्हणजे मोबाईलवरचा एक रकाना आणि कुणाचीतरी आठवड्याची कमाई यांच्यामध्ये फार अंतर नाही.

आम्हाला कारखान्याच्या ऑफिसातून यादी आली होती, चौदा स्क्रीनची. ऊस जात, लागण प्रकार, पाण्याचा स्रोत, फडाचा फोटो, वेगवेगळे अहवाल. मुदत ठरलेली. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर पेटणार, मग गव्हाणीत मोळी पडणार आणि गाळप सुरू. गाळप सुरू झालं की कारखाना चोवीस तास चालतो, तीन पाळ्यांत. "सॉफ्टवेअर तयार नाही, दोन आठवडे थांबा" हे वाक्य तिथं म्हणताच येत नाही, कारण रानात ऊस वाळतोय.

आमच्या टीम लीडनं यादी बाजूला ठेवली आणि आम्हाला घेऊन थेट काट्यावर गेला. तिथं एक तात्या होते, काट्यावर बरीच वर्षं काढलेले. लीडनं विचारलं, "तात्या, मोळी पडायच्या दिवशी यातली कुठली गोष्ट नसली तर कारखाना थांबेल?"

तात्यांनी यादी बघितलीसुद्धा नाही. "वजन आणि पावती. पावती निघाली की गाडी हलती. बाकीचं आम्ही वहीत लिहू, मागनं भरू."

चौदा स्क्रीनमधली एक. तीच पहिली झाली. दसऱ्याच्या पुष्कळ आधी, जुन्या हंगामाचा डेटा भरून, तात्यांच्या टेबलावर ती चालू होती आणि तात्या तिला रोज नावं ठेवत होते. पावतीचा फाँट बारीक आहे, गाडीचा नंबर वर पाहिजे, एंटर दोनदा का मारायचा. हे सगळं ऑगस्टमध्ये कळलं. नोव्हेंबरमध्ये कळलं असतं तर काट्यापुढं दोन किलोमीटर ट्रॅक्टर उभे असते.

मग स्लिप. त्यासाठी आम्ही दोन दिवस फडात होतो. नदीकाठच्या मळीत नेटवर्क येत-जात होतं, जास्त करून जातच होतं. स्लिपबॉय म्हणजे विशीतला पोरगा, अंगावर पाचटाची कूस, एका हातात वही, ट्रॅक्टरवाला हॉर्न मारतोय. त्याला आमची स्क्रीन दिली. तो म्हणाला, "दादा, ही तारीख मी कशाला निवडू? आज आजच आहे की." खरंच की. मग म्हणाला, "एका हातानं चालाय पायजे." ऊस जात, लागण प्रकार वगैरे नोंदीत आधीच होतं, ते त्याला परत विचारण्यात काही अर्थ नव्हता. शेवटी राहिलं काय, तर नोंद नंबर, गाडी, टोळी आणि एक मोठं बटण. नेटवर्क नसलं तरी फोनमध्ये साठणार, आलं की जाणार.

यात एक जागा तांत्रिक आहे, ती नीट ऐका, कारण ती तुम्हाला पैशाच्या कुठल्याही ॲपमध्ये भेटेल. पहिले दहा दिवस आम्ही हे फक्त एका गटात चालवलं, कागदी स्लिपही सोबत चालू ठेवली, आणि रोज सकाळी कागद आणि स्क्रीन जुळवून बघितली. चौथ्या दिवशी एक खेप जुळेना. कागदावर एका शेतकऱ्याचं नाव, स्क्रीनवर दुसऱ्याचं. झालं असं होतं की, फोननं स्लिप पाठवली, सर्व्हरला पोचली, पण "पोचली" हा निरोप परत येईपर्यंत नेटवर्क गेलं. फोननं परत पाठवली. एका खेपेच्या दोन स्लिपा झाल्या. एकीवर वजन झालं, दुसरी उघडीच राहिली. तोच ट्रॅक्टर पुढच्या खेपेला दुसऱ्या शेतकऱ्याचा ऊस घेऊन आला आणि त्याचं वजन त्या उघड्या स्लिपवर जाऊन बसलं. दोन ट्रॉल्यांचा सोळा-सतरा टन ऊस. पन्नास हजारांच्या आसपासचा माल, दुसऱ्याच्या नावावर.

उपाय दोन ओळींचा होता. स्लिपचा आयडी सर्व्हरवर नाही, फोनवरच तयार करायचा, म्हणजे तीच स्लिप दहादा आली तरी सर्व्हर ओळखतो आणि एकच ठेवतो. आणि डेटाबेसलाच नियम घालायचा की एका गाडीच्या नावावर एका वेळी एकच उघडी स्लिप. दुरुस्तीच्या आधी टेस्ट लिहिली, ती लाल झालेली बघितली, मग कोड बदलला. हा दोष आमच्या ऑफिसात कधीच सापडला नसता, आमचं वायफाय चांगलं होतं. आणि सगळ्या गटांत एकदम चालू केलं असतं तर चौथ्या दिवशी एक नाही, किती खेपा चुकल्या असत्या आणि त्या कशा शोधल्या असत्या, याचा विचार तुम्हीच करा. "लहान तुकड्यात द्या" हे पुस्तकात वाचताना फार मिळमिळीत वाटतं. सोळा टन ऊस दुसऱ्याच्या नावावर गेलेला बघितला की वाटत नाही.

टेस्टवरून आठवलं. दोन आठवड्यांनी रिलीज करायचं आणि टेस्ट लिहायच्या नाहीत, याला मी जुगार म्हणतो. अजाइलमधला हा भाग, केंट बेकच्या एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगमधला, कंपन्यांनी सोयीनं सोडून दिला आणि मीटिंगा तेवढ्या ठेवल्या. एफआरपीचं उदाहरण घ्या. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्राचा दर होता १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये. उतारा वर गेला तर दर ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये जास्त, खाली गेला तर तेवढेच कमी. पण साडेनऊच्या खाली गेला तर आणखी कपात नाही, ३१५.१० वर थांबायचं. आता यात टेस्ट कुठं लिहायच्या? १०.२५ वर, १०.३५ वर, ९.५ वर, आणि ९.४ वर. शेवटची विसरलात तर कमी उताऱ्याच्या कारखान्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याचं बिल कमी निघेल. दर हंगामाला हे आकडे बदलतात, त्यामुळे ते कोडमध्ये गाडायचे नाहीत, हंगामाच्या वर्षाशी जोडून टेबलात ठेवायचे. बदलाला तयार राहा म्हणतात ते हे.

आणि स्टँडअप कसा असावा, ते मला कारखान्यातच कळलं. रोज सकाळी अहवाल येतो: चोवीस तासांत किती टन गाळप, किती पोती साखर, उतारा किती, आणि गाळप किती तास बंद पडलं, कशामुळे. ऊस नव्हता, त्याला तिथं "नो केन" म्हणतात, की मिल अडकली, की बॉयलर. कुणी उभं राहून "काल मी बॉयलरवर काम केलं" असं सांगत नाही. काल काय थांबलं आणि आज ते थांबू नये म्हणून कोण काय करणार, एवढंच. स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीतून ते काल-आज-अडचणवाले तीन प्रश्न काढूनसुद्धा टाकलेत. पंधरा मिनिटांची मर्यादा मात्र अजून आहे. तुमच्या मॅनेजरला अदबीनं पाठवा.

अंदाजाबद्दल. आमच्या शेजारी एक आण्णा आहेत, उभा ऊस बघून सांगतात, "एकरी पंचावन्न टन बसंल." वजन झालं एक्कावन्न. आण्णा खालमानेनं उभे राहत नाहीत, ते बांधावर जाऊन बघतात. मग म्हणतात, त्या कोपऱ्यात हुमणी लागली होती, ती दिसली नव्हती. पुढच्या वर्षी तो कोपरा आधी बघतात. आणि पंचावन्न भरावेत म्हणून शेजारच्या रानातला ऊस कुणी तोडून आणत नाही. आपण मात्र पॉइंट भरावेत म्हणून एका तिकिटाची तीन करतो. पॉइंटची कल्पना ज्यांच्या नावावर सांगतात ते रॉन जेफ्रीज, त्या सतरा जणांतलेच, त्यांनी पुढं लिहिलंय की कदाचित ते मीच काढलं असेल आणि आता त्याचं वाईट वाटतं. स्क्रम गाइडनंही २०११ मध्ये स्प्रिंटच्या कामाला "कमिटमेंट" म्हणणं सोडून "फोरकास्ट" म्हणायला सुरुवात केली. हवामान खात्याचा अंदाज चुकला म्हणून आपण पावसाला रविवारी कामावर बोलावत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर भाषण प्रचाराचं होईल. सगळं थोडं थोडं करून शिकता येत नाही. वजनकाटा वैधमापन विभागाकडून तपासून घ्यावा लागतो, तिथं "पुढच्या स्प्रिंटमध्ये सुधारू" चालत नाही. काट्यावरून येणारा आकडा आमच्या कोडमध्ये कुणालाही हातानं बदलता येणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवून, लिहून, सही घेऊन ठेवलं होतं. जाड कागद होता तो, आणि पाहिजेच होता. हंगाम चालू असताना बिलाच्या टेबलाची रचनाही आम्ही बदलली नाही. बदल लहान, दुपारी, तात्या जागेवर असताना, पाळी बदलायच्या वेळी कधीच नाही. मागं फिरायची सोय आधी तपासून. ज्या गोष्टी परत फिरवता येतात त्यांच्यात चपळ राहा, ज्या येत नाहीत तिथं डोकं आधी खर्च करा. कुठली कुठली, हे ओळखणं म्हणजे अनुभव, तो कोर्समध्ये मिळत नाही.

चला, मी बास करतो. प्रश्न घ्या.

*"सर, आमचा क्लायंट परदेशात आहे. आम्हाला काट्यावर कोण नेणार?"*

सर नको, दादा म्हण. बरोबर आहे, नेणार कुणी नाही. पण सपोर्टची तिकिटं वाचायला मिळतात का? माग. रोज पाच वाच, वापरणाऱ्याच्या शब्दातली. त्यांनी स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवली तर अजून चांगलं. आणि कुठलंही काम घेताना एक विचार: हे वापरणारा माणूस कोण, आणि आज तो हे काम कसं करतो? उत्तर कुणालाच माहीत नसलं तर तेच स्टँडअपमध्ये सांगायची अडचण.

*"दादा, स्प्रिंट चालू असताना मॅनेजर मधेच काम टाकतो. नाही म्हणता येत नाही."*

नाही म्हणू नकोस. "घेतो. मग यातलं कुठलं बाहेर काढू?" असं विचार, आणि यादी समोर धर. फोनवर नाही, चॅटवर, लिहून. तोंडी विचारलंस तर उत्तर "दोन्ही कर" असं येतं. लिहून विचारलंस की माणूस विचार करतो. प्रत्येक वेळी चालेल असं नाही. तीन-चार वेळा केल्यावर मधेच येणारं काम जरा विचारून यायला लागतं, एवढं मी बघितलंय.

*"मी एकटीच आहे टीममध्ये फ्रेशर. माझं कोण ऐकणार?"*

तुझे बदल लहान ठेव. चारशे ओळींचा पुल रिक्वेस्ट कुणी नीट वाचत नाही, चाळीस ओळींचा वाचतात, आणि त्यात तुला शिकायलाही मिळतं. प्रत्येक बदलासोबत एक टेस्ट. डेमो असेल तेव्हा "टेस्ट युजर एक, एबीसी" असला डेटा नको, खऱ्यासारखा भर. लांब नावं, रिकामे रकाने, मराठी अक्षरं. अर्ध्या चुका तिथंच बाहेर पडतात. यातल्या कशालाच कुणाची परवानगी लागत नाही.

*"त्या चौदा स्क्रीनचं काय झालं?"*

हंगाम संपेपर्यंत सहा झाल्या. दोन अहवाल ऑफिसनं स्वतःच एक्सेलमध्ये करून घेतले. फडाच्या फोटोची स्क्रीन मार्चमध्ये एकदा कुणीतरी विचारली होती, पण तोवर ऊस संपला होता. बाकीच्या यादीतच होत्या, मी सोडेपर्यंत तरी.